बोटीची पलीकडची बाजू

माझगाव, मुंबई
२६ सप्टेंबर १९३३

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी लवूचा नमस्कार.

पावसाळा संपून बोटी परत चालू झाल्या आणि मला कंपनीने तांडेल केलं. अकरा खलाशी माझ्या हाताखाली आले. आठवड्यातून दोनदा आपल्या मांडवीसमोर नांगर पडतो, पण बोट उभी राहते जेमतेम तास-दीड तास, आणि तांडेलाला डेक सोडून खाली उतरता येत नाही. घर डोळ्यांना दिसतं आणि पाय लावता येत नाही, असं झालंय. म्हणून हे पत्र सदूच्या हाती दिलं. त्याचा पडाव पाशिंजर घ्यायला बोटीला लागतो, तेव्हा दोन शब्द बोलणं होतं. लहानपणी एका पानात जेवलेला मित्र, पण अजून तसाच. मळकं धोतर आणि तोंडभर हसू.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. परवा वरच्या डेकवरचे काही पाशिंजर दुर्बीण लावून आपल्या वाडीकडे बघत होते. एकाने विचारलं, "ते गाव आहे की उकिरडा?" बाकीचे हसले. मग मला विचारलं, "तांडेल, तू कुठला?" बोटीचा साहेबही शेजारी होता. मी वेंगुर्ल्याचा म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? माशांची डोकी, नारळाची सोडणं, कावळे, कुत्री. आपल्या लोकांना लाज कशी ती नाहीच.

मार्गशीर्षात सखारामतात्या घर बघायला येणार आहेत. ते गोदीत हेडक्लार्क आहेत, त्यांची मालन मला सांगून आली आहे. ते पडावातून उतरतील ते त्याच वाळूवर. तू गावकर भागोजीला सांगून तोवर किनारा झाडून घे. तू हॉस्पिटलात दाईचं शिकलीस, चार लोक तुझं ऐकतात.

तुझा
लवू


मांडवी, रत्नागिरी
५ ऑक्टोबर १९३३

चि. लवूस आशीर्वाद.

तांडेल झालास, बरं झालं. आई असती तर तिने वाडीभर साखर वाटली असती. मी नाही वाटली. तुझं पत्र वाचून तोंड कडू झालं होतं.

वेंगुर्ल्याच्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय, की असला माणूस तू त्यांच्या गळ्यात बांधलास? ज्या वाळूवर रांगलास ती तुझी नाही म्हणायला तुला दुर्बिणीतून बघणारे चार रिकामटेकडे पुरले.

आता घाणीचं. घाण आहे. मला दुर्बीण लागत नाही, मी तिच्यातून रोज चालत हॉस्पिटलात जाते. रापण ओढून झाली की मासे टोपल्यांत जातात आणि डोकी-आतडी जिथल्या तिथे. पहाटे पुरुषमंडळी रांगेने पाण्याकडे तोंड करून बसतात, जसे काही समुद्राला दर्शन द्यायला आलेत. गेल्या श्रावणात हगवणीने चार माणसं गेली. त्यांतली दोन मुलं मीच जन्माला आणली होती. भागोजी म्हणाला, देवीचा कोप. मी म्हटलं, देवीला नाक असेल तर कोप होणारच.

किनारा मी साफ करणार आहे, आणि तो तुझ्या सासऱ्यासाठी नाही. एक दिवस झाडून पाहुण्याला दाखवायचा तो किनारा नव्हे, ती जत्रा. घाण जायची कुठे, हे ठरल्याशिवाय झाडू हातात घेणं व्यर्थ. ते मी ठरवते आहे. तू तुझा डेक सांभाळ.

आक्का


माझगाव, मुंबई
१९ ऑक्टोबर १९३३

ती. आक्कास नमस्कार.

तू रागावलीस. रागाव. पण खरं ते खरं. एकदा बोटीवर येऊन बघ. दिवसातून दोनदा मी डेक धुवून घेतो. पितळ असं घासतात की तोंड दिसावं. दोर कुठे, बादली कुठे, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. एका खलाशाने परवा डेकवर विड्याचं पान थुंकलं, त्याला मी तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसवून पुसायला लावलं. साहेब म्हणाला, "शाबास तांडेल."

आपल्या वाडीला हेच पाहिजे. समजावून सांगायला ती माणसं कुठे आहेत? भागोजीच्या जागी मी असतो तर घाण टाकणाऱ्याला रापणीच्या दोराने माडाला बांधला असता. शिस्त नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पायाखाली काय येतं याचा विचारच नसतो.

सखारामतात्या सात डिसेंबरच्या बोटीने येतात. लक्ष असू दे.

लवू


मांडवी
३० नोव्हेंबर १९३३

चि. लवूस आशीर्वाद.

माडाला बांधायचा दोर लागला नाही. हकीकत ऐक.

भागोजीच्या अंगणात बैठक बसवली. मी सांगितलं, माडांच्या मागे पुरुषभर खोल खड्डे खणू. माशांचं सगळं त्यात टाकायचं, वर चुलीतली राख आणि माती. वर्षाने ते खत माडांना घाला. सोडणं वाळवून जाळा. आणि पहाटेच्या मंडळींसाठी पलीकडे चर खणून झावळ्यांचा आडोसा करू.

भागोजी मिशीला पीळ देत म्हणाला, "इतकी वर्सं समुद्र नेतोय ता काय कमी पडला? आता आनंदीबाय नेनार!"

सगळे हसले. मी हसणं संपायची वाट बघितली, मग विचारलं, "भागोजी, तुमच्या सुनेचे दिवस कधी भरतात?"

"पौषात."

"मग दुसरी दाई बघून ठेवा. मी वाळूतली घाण तुडवत येऊन तुमच्या सुनेला हात लावणार नाही. बाळंतरोग झाला तर समुद्र नेईल."

आतून त्याच्या बायकोने काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली कुदळ भागोजीनेच मारली, आणि आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की कल्पना त्याची.

महिना झाला. सात खड्डे झाले. सदू आणि त्याची हौसा सगळ्यांत पुढे. हौसा तर रापण लागली की टोपली घेऊन वाळूत उभी राहते. डोकं टाकलं कुणी की नावाने हाक मारते, आणि तिची हाक बंदरापर्यंत ऐकू जाते. कावळे उपाशी पडलेत. परवा ओहोटीला मी अनवाणी चालले आणि खाली बघावं लागलं नाही.

म्हणजे माशांपुरतं बघावं लागलं नाही. एक गोष्ट उरली आणि ती मला समजत नाही. भरतीच्या रेषेवर पत्र्याचे डबे येतात. दुधाचे, बिस्किटांचे, मटणाचे, वर इंग्रजी अक्षरं आणि कापलेली धार करवतीसारखी. फुटक्या बाटल्या येतात. जळून दगड झालेला कोळसा तर टोपल्यांनी येतो. मी पहिल्यांदा वाडीवर ओरडले. मग मलाच हसू आलं. अरे, आमच्याकडे पत्र्याचा डबा मिळाला तर बाई त्याला तारेची कडी लावून दहा वर्षं पाणी भरते. डबा टाकण्याइतकी श्रीमंती मांडवीत कुणाची आहे? आणि कोळसा इथे जाळतो कोण?

हे सारं बोटीचं आहे. म्हणून तुला विचारते. तुमच्या बोटीवरची राख आणि डबे कुठे जातात?

आक्का


माझगाव, मुंबई
१४ डिसेंबर १९३३

ती. आक्कास नमस्कार.

सखारामतात्या खूष होऊन परतले. म्हणाले, कोकणात असा किनारा पाहिला नाही. लग्न वैशाखात धरू म्हणतात. तुझे उपकार मी विसरणार नाही. मालनला तुझ्याबद्दल सारं सांगितलं.

तू डब्यांचं विचारलंस. समुद्र मोठा आहे. परदेशी जहाजं जातात, अरबांची गलबतं जातात, पलटणीच्या बोटी जातात. कुणाचं काय कुठे लागेल याचा पत्ता कुणाला? आमच्या बोटीवर पाटी आहे, कचरा खोल पाण्यातच टाकावा म्हणून. बोटीतल्या गोष्टी बायकांना समजण्यासारख्या नसतात, तेव्हा त्यात डोकं घालू नकोस. वाडीची पोरंच बंदरावरून डबे आणून टाकत असतील. त्यांच्याकडे बघ.

सदू हल्ली पत्र घेताना पूर्वीसारखा बोलत नाही. त्याला माझं तांडेल होणं खुपतंय की काय? मत्सर माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

लवू


मांडवी
२२ जानेवारी १९३४

लवू,

सदू गेला.

सोमवारी, आठ तारखेला रापण होती. दोर खांद्यावर घेऊन तो मागे मागे येत होता. डबा वाळूत उभा रुतलेला, धार वर. टाच हाडापर्यंत कापली. तरी दोर सोडला नाही, जाळं बाहेर आल्यावर खाली बसला. मला बोलावलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. येईपर्यंत कुणीतरी हळद आणि जाळ्याचा चिखल भरला होता. मी सगळं धुवून काढलं, हॉस्पिटलात चल म्हटलं. तो म्हणाला, "आक्का, टाचेला कापलं म्हणून खाटेवर निजू? पडाव कोण मारील?" दोन दिवसांनी तो पडावावर गेला. गुरुवारी तुझ्या बोटीलाही लागला होता. लंगडताना दिसला असेल तुला.

सोळा तारखेला सकाळी हौसा धावत आली. "पेज गिळवत नाय, आनि तोंड उघडत नाय." मी त्याच्या जबड्याला हात लावला आणि मला कळलं. डॉक्टरांनी करायचं ते सारं केलं. धनुर्वाताला आवाज सहन होत नाही, उजेड सहन होत नाही. खोलीला पडदे लावले. हौसा दाराशी बसून होती, हाक मारायची नाही म्हणून पदर तोंडात धरून. जी बाई अख्ख्या किनाऱ्याला हाक मारायची, तिला नवऱ्याला हाक मारता आली नाही. शुक्रवारी दुपारी संपलं.

मुलगी तीन वर्षांची आहे.

आनंदी


माझगाव, मुंबई
१ फेब्रुवारी १९३४

ती. आक्कास नमस्कार.

पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. सदू गेला हे खरं वाटत नाही. मी त्याच्याविषयी काहीबाही लिहिलं होतं, ते फाडून टाक.

त्या गुरुवारी तो लंगडत होता. मी वरून ओरडलो, "काय रे, म्हातारा झालास?" तो हसला. एवढंच.

हौसासाठी लुगडं आणि मुलीसाठी दोन झगे केरूच्या पडावातून पाठवतो आहे. हौसावहिनीला सांग, लवू आहे, काही कमी पडू देणार नाही.

आणि आक्का, तो डबा वाळूत कुणी टाकला ते शोधून काढ. वाडीतलाच कुणी हरामखोर असणार. त्याचं नाव मला कळव. मी उतरून त्याचा पाय त्याच डब्याने कापीन.

लवू


मांडवी
१२ फेब्रुवारी १९३४

लवू,

नाव कळलं. कळवते.

सदूच्या दिवसांना सगळे पडाववाले आले होते. जेवणं झाल्यावर केरू माझ्याजवळ येऊन बसला. साठीचा माणूस, पण धोतराचा सोगा पिळत बसला लहान मुलासारखा. म्हणाला, "आनंदीबाय, सदूनं आमाला शपथ घातलेली. आता ता गेला. शपथ कोनासाठी पाळू?"

मग त्याने सांगितलं. पडाव पाशिंजर घेण्यासाठी पाळी लावून थांबतात, आणि गर्दी झाली की दोन-तीन पडाव बोटीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला, समुद्राच्या अंगाला उभे राहतात. जी बाजू आम्हाला किनाऱ्यावरून दिसत नाही. तिथे बोट नांगरावर असताना खलाशी राखेच्या टोपल्या, डबे, बाटल्या रांगेने कठड्यावर आणून ठेवतात आणि तांडेलाच्या तोंडाकडे बघतात. तांडेल म्हणतो, "टाका." खलाशी टाकतात. भरतीला ते सगळं आमच्याकडे चालू लागतं. "आठवड्यात दोन फेरं," केरू म्हणाला. "लवूच्या आधीचा तांडेल बी ताच करायचा. लवू बी ताच करतो."

लवू, मला तुझी चीड आली नाही. चीड माणसाची येते. मला किळस आली. दिवसातून दोनदा डेक धुतोस, नाही का? पितळेत तोंड दिसतं. बघितलंस का त्यात? खलाशाला गुडघ्यांवर बसवून पान पुसायला लावणारा तू, आणि तुझ्या डेकची स्वच्छता म्हणजे कचरा आमच्या दारात. शिस्त नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पायाखाली काय येतं याचा विचार नसतो, हे तुझंच वाक्य. मी ते दोनदा वाचलं.

मी तुला सरळ विचारलं होतं. तू अरबांची गलबतं सांगितलीस. वाडीच्या पोरांवर घातलंस. त्या वेळी खरं बोलला असतास तर मी त्या रेषेवर रोज माणूस उभा केला असता. महिनाभर आधी.

हे पत्र पोस्टाने टाकते आहे. पडाववाल्यांच्या हाती तुझ्या नावाचा कागद द्यायची मला लाज वाटते.

आनंदी


माझगाव, मुंबई
९ एप्रिल १९३४

आक्का,

होय. मीच.

दोन महिने लिहिलं नाही. लिहायला बसायचो, पाटीविषयी लिहायचो, साहेबाच्या हुकमाविषयी लिहायचो आणि फाडायचो. पाटी खरी आहे. पण बोट चालू असताना राख टाकली की वारा ती वर आणतो आणि वरच्या वर्गाच्या पाशिंजरांचे पांढरे कपडे काळे होतात. म्हणून बोट उभी असताना टाकायची, किनाऱ्याला दिसणार नाही अशा बाजूने. मला पहिल्या दिवशी हे सांगितलं गेलं आणि मी मान हलवली. तुझं पत्र आलं तेव्हा मला ठाऊक होतं. तुला खरं सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. मनात आलं ते हे, की आता वैशाखात लग्न आहे.

सदू नेहमी पडावातून वर बघायचा. मला वाटायचं मत्सर.

फाल्गुनात एका गुरुवारी खलाशी टोपल्या घेऊन कठड्याशी उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघत. खाली केरूचा पडाव होता. एकाने विचारलं, "तांडेल, टाकू?" मी म्हटलं, "ठेवा खाली." नांगर उठला. बोट वळली तसा वारा आला आणि टोपल्यांतली राख वर गेली. वरच्या डेकवर आरडाओरडा झाला. साहेबाने बोलावलं. विचारलं, "जिथे टाकतोस तिथे का टाकली नाहीस?"

मी म्हटलं, "तिथे माझं गाव आहे, साहेब."

तो म्हणाला, "तू तर वेंगुर्ल्याचा ना?" आणि आजूबाजूचे सगळे हसले. माझे खलाशीसुद्धा.

पुढे त्याने मला तांडेलाच्या जागेवरून काढलं. बोटीवरून काढत होता, पण म्हणाला, "राखेचं एवढं प्रेम असेल तर राख तूच उचल." आता मी भट्टीतली राख काढतो. मला ते सोईचं झालं. राख मी गोणपाटात भरतो, तोंड शिवतो आणि मुंबईला गोदीत उतरवतो; तिथे एका खाणीचा खड्डा बुजवताहेत, ते घेतात. डबे हातोडीने चपटे करून पोत्यात भरतो, भंगारवाला घेऊन जातो. गोणी ठेवायला जागा देत नाहीत, म्हणून माझ्या निजायच्या जागेवर ठेवतो. पोरं मला "कचरापट्टीचा सरदार" म्हणतात. दुसऱ्या बोटी अजून टाकतात. त्यांचं मी काही करू शकत नाही.

सखारामतात्यांनी निरोप पाठवला, राख उचलणाऱ्याला मुलगी देत नाही. बरोबर आहे त्यांचं.

हौसावहिनीला काय लिहू?

लवू


मांडवी
२० एप्रिल १९३४

लवू,

तुझं पत्र मी हौसाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी सांगते ते लिहा, तुमचं काही घालू नका. नमस्कार लिहू का विचारलं. नको म्हणाली.

"लवूभाऊ, तुमचं लुगडं आनि झगं केरूकाकांकडं परत दिलंय. तुमचं कापड माज्या अंगाला नको.

माज्या घोवाला ठावं होतं. दसऱ्याच्या वक्ताला येऊन मला सांगितलं, राख आनि डबं लवू टाकवतो. मी म्हटलं, आक्काबायला सांगा. तर म्हनाला, नको गो, लवू वायच मोठा झालाय, भैनीसमोर त्याची मान कशाला खाली घालू? मीच एकदा बोलीन त्याला. प्रत्येक फेऱ्याला बोलीन बोलीन म्हनत राह्यला. तुमी वरनं हसायचात, मंग त्याचं तोंड उघडायचं नाय. शेवटाला ता उघडलंच नाय.

तुमची मान वर राहावी म्हनून ता गप बसला. आता वर ठेवा नायतर खाली घाला, मला त्याचं काय नाय.

दुसऱ्या बोटींचं तुमी काय करू शकत नाय असं लिवलंय. नका करू. पावसात बोटी बंद होतील तवा हितं या. चपला घालून येऊ नका. पावसात समुद्र सगळं भायेर टाकतो. ता उचला. माज्या दारापासनं भागोजीच्या माडापर्यंत, रोज, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. माजी पोर त्याच वाळूत खेळते.

रडायला येऊ नका. रडायला माज्याकडं मानसं हायत."

एवढंच तिचं. माझंही तेवढंच.

आनंदी


मांडवी
२१ ऑक्टोबर १९३४

लवू,

पावसाळ्यात तू इथे तीन महिने होतास आणि मी तुझ्याशी जेवणापुरती बोलले. आता बोट सुरू झाली, तू गेलास, म्हणून कागदावर बोलते. समोर बसून मला जमलं नसतं.

तू पहिल्या दिवशी अनवाणी टोपली घेऊन वाळूत उतरलास तेव्हा भागोजी ओट्यावरून म्हणाला, "तांडेल आला, सलाम करा." रापणीची माणसं पोट धरून हसली. मीही खिडकीत होते आणि मला वाईट वाटलं नाही. चार दिवसांत पळेल असं मी हौसाला म्हटलं होतं. श्रावणात तुझी टाच फाटली आणि मी धुवायला घेतली, तेव्हा तू विचारलंस, "आक्का, याने होतं का धनुर्वात?" मी म्हटलं, होतं. तू उठून परत गेलास. त्या दिवशी मी तुझ्याविषयी वाईट बोलायचं थांबवलं. चांगलं बोलायला अजून सुरुवात केलेली नाही.

भरतीची रेषा आता हौसाच्या ताब्यात आहे. वाडीतल्या प्रत्येक घराला तिने वार नेमून दिलाय. डबे, बाटल्या गोळा होतात, चपटे होतात, त्यांचा वेगळा खड्डा आहे वर कातळाकडे. भागोजीच्या घराची पाळी मंगळवारी. तो स्वतः जातो, कारण नातू त्याच वाळूत रांगतो. दुसऱ्या बोटी टाकतात अजून, त्या मेल्यांना माझे शिव्याशाप पोहोचोत. मी कंपनीला अर्ज केलाय, उत्तर नाही. पुन्हा करीन. येईपर्यंत करीन.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते.

गेल्या गुरुवारी तुमची बोट लागली तेव्हा केरूच्या पडावात एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तुला वाटलं असेल पाशिंजर. ती हौसा होती. जन्मात कधी पडावात चढलेली नाही, पाण्याची भीती तिला. सकाळी बंदरावर जाऊन केरूला म्हणाली, "पलीकडच्या बाजूला न्या. मला बघायचंय." केरू म्हणाला, पोटात ढवळेल. ती म्हणाली, ढवळू दे.

ती सबंध वेळ तिथे बसून होती, बोटीच्या कठड्याकडे तोंड करून. परत आली ती हिरवी पडलेली, दोनदा ओकलेली. मी ओट्यावर बसवून पाणी दिलं. ते ती घटाघटा प्याली. मग म्हणाली, एका नव्या खलाशाने बादली कठड्यावर घेतली होती. तू मागून येऊन त्याचा हात धरलास. तो तुला शिवी देत होता, तुझ्या अंगावर थुंकला, तू हात सोडला नाहीस. बादली आत गेली. पाण्यात काही पडलं नाही.

मी विचारलं, "मग?"

हौसा पदराने तोंड पुसत उठली. मुलीला कडेवर घेतली. दाराशी थांबून म्हणाली, "सगळा काळा झालाय, कोळशागत. तोंड धू म्हनावं त्याला."

हे तिने मला लिहायला सांगितलेलं आहे.

आक्का